‘नवरा माझा नवसाचा २’ पहिल्याच्या तोडीचा आहे का? गच्चीवर लागोपाठ दाखवावेत का?

जुळे_सोलापूर_गच्ची

यंदा सोसायटीच्या गणपतीत गच्चीवर पडदा लावून सिनेमा दाखवायचा विषय निघालाय. एका गटाचं म्हणणं, २००४ चा ‘नवरा माझा नवसाचा’ आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आलेला त्याचा दुसरा भाग एकाच संध्याकाळी लागोपाठ लावू. दुसरा गट म्हणतो, पहिल्याची मजा घालवायला दुसरा लावायचाच कशाला? मधे वीस वर्षं गेलीत. दिग्दर्शक तेच सचिन पिळगांवकर, सुप्रिया आहेत, अशोकमामा आहेत, जायचं तेही गणपतीपुळ्यालाच. फक्त एसटी गेली आणि कोकण रेल्वे आली.

‘लै भारी’ किंवा ‘टुकार’ एवढ्यावर सोडू नका. दुसरा कमी पडतो का, पडत असेल तर नेमका कुठं आणि का, गाणी कशी आहेत, आणि पहिला न पाहिलेल्या पोरांना थेट दुसरा दाखवला तर चालेल का, हे जाणकारांनी सांगावं. माणसं सत्तर-ऐंशी होतील, लहान पोरांपासून आजोबांपर्यंत.

बाल्कनी_पहिली_रांग

तोडीचा नाही. पण लोक जे कारण देतात ते खरं कारण नाही. ‘तीच गोष्ट परत’ ही तक्रार विनोदाला लागू पडत नाही मालक. तमाशात गण-गौळण रोजचीच असते, बतावणीचा साचाही ठरलेला असतो, तरी माणसं बसतात. माझ्या मते खरा फरक गाडीने पाडलाय.

एसटीची रचना बघा. मधे एक चिंचोळी वाट, दोन्ही बाजूंना सीटा, सगळ्यांची तोंडं पुढे. कॅमेरा ड्रायव्हरच्या पाठीशी ठेवला की अख्खी बस एका चौकटीत येते. पुढच्या सीटवर कोणी काही बोललं की मागच्या सीटवरच्याचं तोंड वाकडं झालेलं त्याच क्षणी दिसतं. विनोदात बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जास्त हशा मिळतो, आणि बसमध्ये तो कट न मारता मिळतो.

दुसरं म्हणजे बेल. एक टोला दिला की गाडी उभी, दोन दिले की चालू. प्रसंग कधी थांबवायचा आणि कधी पुढे ढकलायचा, याची दोरी अक्षरशः कंडक्टरच्या हातात. पहिल्या भागात कंडक्टर झालेल्या अशोक सराफांना संवाद चांगले आहेतच, पण त्यांची खरी ताकद त्या दोरीत आहे. शिवाय कंडक्टर सुटल्यापासून पोचेपर्यंत गाडीतच. भांडण त्याच्यासमोर होणार, मिटवायचंही त्यानेच, आणि सुट्ट्या पैशांवरून नवं भांडण काढायचा मानही त्याचाच.

दुसऱ्या भागात ते रेल्वेचे टीसी झालेत. आता टीसी घ्या. तिकीट बघायचं आणि पुढच्या डब्यात जायचं, हेच त्याचं काम. त्याला एकाच घोळक्यात अडकवून ठेवायचं तर लेखकाला दरवेळी कारण काढावं लागतं, आणि ते ओढूनताणून काढलंय हे प्रेक्षकाला कळतं. गाडी त्याच्या शब्दावर थांबत नाही. विनाकारण साखळी ओढली तर रेल्वे कायद्याचं कलम १४१, म्हणजे वर्षापर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. डबे आतून जोडलेले, त्यामुळे ज्याच्याशी वाजलं तो उठून पलीकडे जाऊ शकतो. एसटीत त्याला गपगुमान शेजारी बसून राहावं लागतं, तीच तर गंमत.

शेवटही अडतो. एसटी गणपतीपुळ्यात नेऊन उतरवते. रेल्वे रत्नागिरीला सोडते, पुढे आरे-वारे मार्गे साधारण २५ किलोमीटर रस्ता उरतोच. म्हणजे इतका वेळ ज्या जागेत माणसं बांधून ठेवली, ती जागाच शेवटाच्या आधी सोडावी लागते. बांधलेला ताण तिथं सांडतो.

नवसाचं थोडक्यात सांगतो. पोरगा झाला तर त्याला नागडा दर्शनाला आणीन, असं बाप बोलून बसला आणि ते फेडायचं राहिलं. पोरगा आता घोडा झालाय, तर फेडणार कसा? हा प्रश्न एकदाच नवा असतो. दुसऱ्या भागात तो पुढच्या पिढीकडे, लेक-जावयाकडे येतो तेव्हा उत्तराचा अंदाज आपल्याला आधीच असतो. त्यामुळे नवसावर भर आहे तिथं दुसरा ढिला वाटतो आणि घरातल्या ओढाताणीवर भर आहे तिथं बरा चालतो.

हलगी_ढोलकी

गाडीचं पटलं. मी गाण्यांचं सांगतो.

‘हिरवा निसर्ग हा भवतीने’ अजून सहलीच्या बसमध्ये म्हटलं जातं, त्यात सोनू निगमच्या गळ्याचा वाटा आहेच. पण त्या धृवपदाची चाल अशी आहे की सूर धरता न येणारा माणूससुद्धा दुसऱ्या फेरीला सामील होतो. बसमधल्या गाण्याचं हेच काम. एकट्यानं सुरू करायचं आणि संपेस्तोवर सगळ्या गाडीचं व्हायला पाहिजे.

गाणं सिनेमात मुरलंय का हे बघायची सोपी रीत आहे. गाणं सुरू व्हायच्या आधीचा मिनिटभर आणि संपल्यानंतरचा मिनिटभर एवढंच लागोपाठ बघा, मधलं गाळा. काहीच तुटलं नाही तर गाणं वरून चिकटवलंय. माणसांची ओळख, कापलेलं अंतर, मिटलेलं किंवा पेटलेलं भांडण, यातलं काही हरवल्यासारखं वाटलं तर गाणं कामाचं. प्रवासाच्या सिनेमात अंतर कापायचं काम गाण्याला आयतंच मिळतं. मात्र गाणं गाडीतच व्हायला हवं. खिडकीबाहेरचा रस्ता बदलत राहतो, गाणं संपेपर्यंत आपण घाट उतरलेले असतो, आणि प्रेक्षकाला वेळ गेल्याचं कळतही नाही.

दुसऱ्या भागातली गाणी वाईट नाहीत. डमरूवालं गणपतीचं गाणं मिरवणुकीत वाजवा, पोरं जागेवर थांबणार नाहीत, लेझमाच्या ताफ्यालाही चालेल. पण सिनेमातलं गाणं म्हणून ते दोन माणसांत काही घडवत नाही, उत्सव उभा करतं आणि मोकळं होतं. आताच्या गाण्यांत बहुतेक ठेका संगणकावर बांधतात, त्यामुळे प्रत्येक मात्रा मोजून जागच्या जागी पडते. ढोलकीवाला हातानं वाजवताना समेच्या आधी केसभर रेंगाळतो, मग अंगावर येतो. त्या रेंगाळण्यात नटाला मान वळवायला, डोळा मारायला जागा मिळते. मोजून बांधलेल्या ठेक्यात नाच जमतो, विनोद कमी जमतो.

माझ्या हिशेबानं गाण्यांत पहिला पुढे, आणि बराच पुढे.

नवी_पेठ_अण्णा

काय बे, पहिल्याला एकदम देव्हाऱ्यात नेऊन बसवलालाव की तुम्ही! तो तरी कुठं कोरा होता? १९६६ ला तमिळमध्ये ‘मद्रास टू पाँडिचेरी’ आला, त्याच्यावरून १९७२ चा हिंदी ‘बॉम्बे टू गोवा’, आणि त्याच साच्यात आपला २००४ चा. भरलेली बस, तऱ्हेवाईक प्रवासी, मागं लागलेली नसती भानगड. आपली भर म्हणजे नवस आणि एसटीचा कंडक्टर. भर मोठी आहे, मान्य. पण ‘मूळ ते मूळ’ म्हणताना जरा दमानं घ्या.

दुसरी गोष्ट वयाची. अशोक सराफ जून १९४७ चे. पहिल्या वेळी सत्तावन्न, दुसरा आला तेव्हा सत्त्याहत्तर. सचिन सदुसष्ट. कंडक्टरची भूमिका पायांवर चालते. वाकायचं, रेटायचं, धक्के खात मागं जायचं आणि परत पुढं यायचं. सत्त्याहत्तरीच्या नटाला ते देऊन चालत नाही. टीसी केल्यामुळं काळा कोट आणि दोन सेकंदांचा विराम एवढ्यावर त्यांनी काम भागवलंय, आणि ते दोन सेकंद अजून चोख आहेत. बाल्कनीवाले म्हणतात तसं रेल्वेनं सिनेमाचं नुकसान केलं असेल, पण नटाची सोय केली. पहिल्यात असलेले प्रदीप पटवर्धन ऑगस्ट २०२२ मध्ये गेले. तीच टोळी तशीच्या तशी जमवणं शक्यच नव्हतं. स्वप्नील जोशी, हेमल इंगळे, सिद्धार्थ जाधव, वैभव मांगले ही भरती त्यासाठी आहे.

उशिरा आलेला दुसरा भाग खरा कुठं फसतो ते बघायचं असेल तर अमेरिकेचा ‘द ब्लूज ब्रदर्स’ हा दोन गाणाऱ्या भावांचा सिनेमा बघा. पहिला १९८० चा, दुसरा १९९८ चा, दिग्दर्शक दोन्हीला जॉन लँडिस. मधे १९८२ ला जॉन बेलुशी वारला. जोडीतला एक गेला, तर त्याच्या जागी तीन माणसं आणली, त्यातलं एक दहा-बारा वर्षांचं पोरगं. गाणारे दोन्हीकडं दर्जेदार: अरीथा फ्रँकलिन, जेम्स ब्राऊन दोन्हीत आहेत, दुसऱ्यात बी. बी. किंग आणि एरिक क्लॅप्टनही आले. तरी दुसरा पडला. पहिल्यात अनाथाश्रमाच्या कराचे ५००० डॉलर मुदतीत भरायचे होते, त्यामुळं प्रत्येक गाणं त्या पैशाकडं जाणारी पायरी होती. दुसऱ्यात बँड जमवायचा म्हणून जमवतात. उद्देश गेला की उत्तम गाणंसुद्धा नुसता कार्यक्रम होतं.

आपल्याकडं तसं झालं नाही. नवस दुसऱ्यातही आहे, पोचायचं ठिकाण आहे, न पोचलं तर काय याची धास्ती आहे. ताणलाय, पण पाय जमिनीवर आहेत. दहापैकी पहिल्याला आठ, दुसऱ्याला साडेपाच. टुकार म्हणायचं कारण नाही.

बाल्कनी_पहिली_रांग

अण्णा, साडेपाच चालतील. विरामाचं बोललात ते खरं आहे. आणखी एक, तो विराम गर्दीत पाहिला तर दुप्पट चालतो. थिएटरसाठी कापलेल्या विनोदी सिनेमात हशासाठी मुद्दाम जागा सोडलेली असते, नाहीतर पुढचं वाक्य बुडतं. घरी एकट्यानं मोबाइलवर बघणाऱ्याला तीच जागा रेंगाळल्यासारखी वाटते. दुसऱ्या भागावरची निम्मी ‘संथ आहे’ ही तक्रार मला तिथलीच वाटते. गच्चीवर ऐंशी माणसांत ती राहणार नाही.

साउंड_सात_रस्ता

लागोपाठचा विषय सोडून द्या, वेळेतच बसत नाही. सप्टेंबरात सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो, पडद्यावर काळा रंग काळा दिसायला सव्वासात होतात. रात्री दहाला स्पीकर बंद. उत्सवात ठराविक दिवशी बारापर्यंत सवलत असते, ते दिवस पोलीस ठाण्यात विचारून घ्या. एरवी हातात पावणेतीन तास, त्यात आरती आणि मध्यंतर. एकच सिनेमा बसतो.

नव्या सिनेमाचा आवाज सहा चॅनेलचा असतो आणि बोलणं बहुतेक सगळं मधल्या चॅनेलवर. प्लेअर सहा चॅनेल सोडतोय आणि तुमचा मिक्सर फक्त डावं-उजवं घेतोय, असं झालं की गाणी दणाणतात आणि संवाद विहिरीतून आल्यासारखे येतात. मग लोक म्हणतात, ‘दुसऱ्यात नुसता गोंगाट आहे’. दोष सिनेमाचा नसतो. प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्टिरिओ किंवा पीसीएम करा, म्हणजे बोलणंही डाव्या-उजव्यात येतं, आणि पडदा लावायच्या आधी पाच मिनिटं बोलण्याचा प्रसंग लावून शेवटच्या खुर्चीवर बसून ऐका. मिक्सरवर १०० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे घुमणारा खर्ज, थोडं उतरवा, दोन ते चार किलोहर्ट्झ, म्हणजे शब्द स्पष्ट करणारा पट्टा, हलकंसं चढवा. बोलणं पुढं येतं. गाण्याला आवाज कमी करायला एक माणूस मिक्सरवर बसलेला लागतो, ते काम पोरांवर सोपवू नका.

दहा फूट पडद्याला ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो, शेजारच्या बिल्डिंगचा हॅलोजन तेवढा बंद ठेवायला सांगा. पडदा चारी कोपऱ्यांत करकचून बांधला तर वाऱ्यानं शीड होतो आणि स्टँडसकट आडवा पडतो. खालच्या दोऱ्या किंचित सैल ठेवा, स्टँडच्या पायांवर वाळूची पोती ठेवा. सोलापुरात सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरातच पडतो, तेव्हा ताडपत्री आणि खाली पार्किंगमध्ये दुसरी जागा तयार पाहिजे. आणि ओटीटीचं घरगुती खातं सोसायटीच्या कार्यक्रमाला चालत नाही, हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी आधी घ्या.

जुळे_सोलापूर_गच्ची

म्हणजे दोन दिवस करावे लागणार. पोरांचं राहिलं: थेट दुसरा चालेल? आणि मध्यंतर कुठं घ्यायचं?

हलगी_ढोलकी

थेट दुसरा चालेल, गोष्ट कळायला अडत नाही. कंडक्टरचा टीसी झाला यातली गंमत मात्र त्यांच्या डोक्यावरून जाईल. जमलं तर पहिला आधी दाखवा आणि मधे तीन-चार दिवस जाऊ द्या. दुसऱ्याच दिवशी लावला की माणसं सिनेमा बघायचा सोडून तुलनाच करत बसतात.

मध्यंतर गाणं संपल्यावर लगेच घेऊ नका. गाण्यानंतरचा पहिला बोलण्याचा प्रसंग पूर्ण होऊ द्या, भांडण पेटलं की थांबवा. गाण्यावर थांबवलं तर निम्मी गच्ची जेवायला खाली उतरते आणि परत वर येत नाही.