लॅपटॉपची बॅग आणि पाठ: आधी बॅग बदलायची की ओझं कमी करायचं?

खानापूर_ते_उद्यमबाग
रोज खानापूरहून बसने बेळगावच्या उद्यमबागला डिझाइनच्या कामाला जाते. लॅपटॉप कंपनीचा, कॅड म्हणजे डिझाइनचं सॉफ्टवेअर चालायला हवं म्हणून जाडजूड. काल वाण्याच्या काट्यावर बॅग ठेवली. लॅपटॉप २ किलो ८००, चार्जर पाऊण किलो, त्यात डबा, लिटरची बाटली, छत्री. सगळं मिळून पावणेसात किलो! माझं वजन ५२. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात मुलांसाठी वजनाच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. तोच हिशेब लावला तर माझ्या पाठीवर दीड किलो जास्त. तीन महिने कंबर दुखतेय. माझं मत स्पष्ट आहे: महागड्या बॅगेचे सल्ले नंतर, आधी ओझं उतरवा. कंपनीने टेबलापाशी दुसरा चार्जर द्यावा.

तिसरं_गेट
ताई, मला नाही पटत. घोळ वजनात कमी, अडकवण्यात जास्त. मी दोन वर्षं एकाच खांद्यावर बॅग टाकून फिरलो आणि मान धरली. आता दोन्ही पट्टे आवळतो, लॅपटॉप पाठीला चिकटलेल्या कप्प्यात, बॅगेचा तळ कमरेखाली लोंबू देत नाही. जड वस्तू पाठीपासून लांब गेली की मागं ओढते, मग माणूस पुढं झुकून चालतो. वजन तेवढंच आहे, दुखणं गेलं.

खानापूर_ते_उद्यमबाग
दोन्ही पट्टे मीही लावते हो. पण तुम्ही सकाळच्या गाडीत उभे राहून बघा. जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत आम्हा बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत. ते फार चांगलं झालं, माझे महिन्याचे पैसे वाचतात. गर्दी मात्र वाढली. बॅग पाठीवर ठेवली तर मागच्याला लागते, पोटाशी धरली तर मान अवघडते, आणि पावसाळ्यात खाली चिखल. तिथं पट्ट्याचं शास्त्र चालत नाही.

निपाणीकर
खाली एक जाड प्लास्टिकची पिशवी अंथरा की, त्यावर दोन पायांच्या मधे बॅग. तासभर खांद्यावर ठेवण्यापेक्षा बरं. मी बाइकवर असतो. पट्टे थोडे सैल करून तळ सीटवर टेकवतो, भार सगळा सीटवर जातो. स्कूटरच्या पायाशी मात्र ठेवू नका. जुन्या लॅपटॉपात फिरती हार्ड डिस्क असली तर खड्ड्यांचे दणके तिला सोसत नाहीत.

वडगावची_फिजिओ
दोघांचंही ऐकलं, पण खरा घात होतो तो बॅग उचलताना. बसमधून उतरायच्या घाईत कमरेतून वाकून, त्याच झटक्यात वळून बॅग खेचतात. गुडघे वाकवा, बॅग अंगाजवळ घ्या, मग पाय फिरवून वळा. आणि ताई, तीन महिने म्हणजे अंगावर काढण्यासारखं नाही. एकदा तपासून घ्या. पायात मुंग्या किंवा बधिरपणा आला तर त्याच दिवशी जा.

तिसरं_गेट
चार्जर मागून बघा, पण लहान कंपनीत मालक म्हणणार, स्वतः घे. त्यापेक्षा पाणी ऑफिसात भरा. किलोभर तिथंच कमी झालं.

खानापूर_ते_उद्यमबाग
हे पटलं. उद्या बाटली रिकामीच नेते, शनिवारी दवाखान्यात जाते. चार्जरचं मात्र सोडणार नाही. काम त्यांचं, लॅपटॉप त्यांचा. सोमवारी साहेबांना वजनाचा आकडा दाखवूनच विचारते.