समजूत घालून परत पाठवणं एवढंच नाही

सासरी मारहाण सोसणाऱ्या बाईला मदत हवी असली, तरी 'महिलांच्या संस्थेत गेलं की समजूत घालून परत नांदायलाच पाठवतात', असं बरेच जण म्हणतात. पण पुण्याच्या नारी समता मंच या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे बघा. १९८२ साली मंजुश्री सारडा या विवाहितेच्या सासरी झालेल्या संशयास्पद मृत्यूने पुणं हादरलं, तेव्हा स्त्री-चळवळीतल्या लेखिका विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन गावोगाव नेलं. बघायला आलेल्या बायका स्वतःचंच दुखणं सांगू लागल्या. पुढे 'बोलते व्हा' हे केंद्र त्यातूनच उभं राहिलं. ऐकून घेणारं माणूस भेटणं हीच मला सगळ्यात मोठी मदत वाटते.

बाकी काम कागदांचं, आणि तिथेच बाई एकटी पडते. मारहाण कधी झाली, दवाखान्याचा कागद आहे का, स्त्रीधन कुणाकडे आहे, हे सगळं नीट लिहून काढायला अनुभवी कार्यकर्ती शेजारी हवी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार, त्यासाठीच नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क तिला आहे. तुमची एखादी मैत्रीण अशा त्रासामुळे माहेरी आली असेल, तर अर्ज माहेरच्या गावच्या कोर्टातही चालतो. हे तिला आजच सांगा. तातडीची गरज असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करू दे.