मदत हवी आहे: पंखे लावूनही हार्ड डिस्क ५६ अंशांवर

फोकस_उद्यमनगर
४ हार्ड डिस्क आहेत, लई तापायल्यात. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) ५६ दाखवतंय. १२० मिमीचे दोन पंखे आणून बसवले, काडीचा फरक नाही. लग्नसराई सुरू आहे, आज रात्री २ टीबी कॉपी करायचंय. कुठला पंखा घेऊ तेवढं सांगा, पटकन.

साडेतीन_इंची
५६ चारही डिस्कना की एकीलाच? कॉपी चालू असताना की नुसत्या बसलेल्या? खोली किती अंशांवर? पंखे नेमके कुठं, वारा आत की बाहेर? एवढं कळल्याशिवाय "कुठला पंखा" याला उत्तर नाही.

रंकाळा_७२००
एसएसडी घे, विषय संपला.

साडेतीन_इंची
चार डिस्कएवढी एसएसडी किती रुपयांना पडते ते बघ आणि मग विषय संपव.

फोकस_उद्यमनगर
मधल्या दोन ५५-५६, वरची ५२, खालची ५०. प्रत्येकी ४ टीबी, ७२०० आरपीएम. कॉपी सुरू असताना. खोली ३५ धरा. पंखे समोर आहेत आणि फिरतायत, आवाज येतोय की.

कोरडी_पेस्ट
प्रोसेसरची थर्मल पेस्ट वाळली असेल. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची, मध्ये वाटाण्याएवढी लावायची, हीटसिंक सरळ दाबून बसवायचा.

साडेतीन_इंची
भावा, प्रोसेसर कुणी विचारलाय?
@फोकस, मधल्या दोनच जास्त तापतात म्हणजे डिस्कांच्या मध्ये वारा जात नाही. चारी सलग खाचांत आहेत ना? साडेतीन इंची डिस्क साधारण २६ मिमी जाड, सलग बसवली की मध्ये बोटही जात नाही. केजला, म्हणजे डिस्क बसतात त्या सांगाड्याला, सहा खाचा असतील तर दोन-दोनच्या जोड्यांऐवजी जिथं जमेल तिथं एक खाच मोकळी सोड. केबलींचा गुंता पंखा आणि केजच्या मध्ये असेल तर तो बाजूच्या पत्र्याला टायनं बांध.

ठोकपीठ
एवढा खटाटोप कशाला? डिस्कच्या खालीच स्क्रूनं बसणारे दोन छोट्या पंख्यांचे कूलर मिळतात. थेट सर्किट बोर्डावर वारा.

लाल_पिवळी_वायर
ते ४० मिमीचे पंखे जोरात फिरवावे लागतात, तेव्हा कुठं थोडा वारा येतो. बेअरिंग लवकर घरघरायला लागतं आणि ती थरथर थेट डिस्कच्या बॉडीत जाते. वर दोन डिस्कांच्या मध्ये होती ती फटही बुजते. त्यापेक्षा १२० मिमीचा हळू पंखा कधीही बरा. आवाज नको असेल तर मोलेक्सवरून (पॉवर सप्लायच्या चार वायरींच्या कनेक्टरवरून) ७ व्होल्टवर चालवायचा: पंख्याची प्लस १२ व्होल्टच्या पिवळीला, मायनस ५ व्होल्टच्या लालला. १२ वजा ५, हिशोब सोपा.

साडेतीन_इंची
हिशोब सोपा, धोका मोठा. पंखा आतून शॉर्ट झाला तर १२ व्होल्ट सरळ ५ च्या लाइनवर चढतात, आणि डिस्कांचे बोर्ड त्याच ५ वर चालतात. डिस्क वाचवायला पंखा लावायचा आणि त्यानंच डिस्क जाळायच्या! मदरबोर्डच्या पंखा-हेडरला (पंख्याच्या पिनांना) लाव, बायोसमधून, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमधून, वेग कमी कर. तीन पिनी पंखा असेल तर हेडर डीसी मोडवर (व्होल्टेज कमी करून वेग कमी होतो तो) ठेव, नाहीतर तो कायम फुल पळतो. हेडर बहुतेक १ अँपिअरचं असतं. स्टिकरवर ०.२ अँपिअर लिहिलं असेल तर स्प्लिटरवर दोन पंखे आरामात चालतात.

लाल_पिवळी_वायर
एवढे पंखे शॉर्ट होतात कुठं?

साडेतीन_इंची
एक पुरतो. @फोकस, वाऱ्याची दिशा अजून सांगितली नाहीस. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या काड्या आणि स्टिकर असतो, वारा त्या बाजूनं बाहेर पडतो. समोरच्या पंख्याचा स्टिकर डिस्कांकडे हवा.

फोकस_उद्यमनगर
थांबा, बघतो... एकाचा आत आहे, एकाचा बाहेर.

साडेतीन_इंची
म्हणजे एक ओढतो, दुसरा तोच वारा परत बाहेर फेकतो. फिरव. आणि कॅबिनेट ठेवलंयस कुठं?

फोकस_उद्यमनगर
टेबलाखालच्या कप्प्यात, दार लावून. शेजारी ग्राइंडिंग चालतं, धूळ येते म्हणून.

रंकाळा_७२००
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं नव्हतं होय राव!

साडेतीन_इंची
मग पंखे कप्प्यातला तोच गरम वारा फिरवतायत. पुढचं दार उघड आणि मागच्या फळीला किमान १२० मिमीचं भोक पाड. धुळीचं मात्र तुझं बरोबर आहे, ग्राइंडिंगची धूळ लोखंडाची असते, बोर्डावर बसली की शॉर्ट करते. समोरच्या पंख्यावर बारीक जाळीचा फिल्टर लाव आणि आठवड्याला झटक, तुंबला की पंखा असून नसल्यासारखा. ब्लोअर मारताना पाती बोटानं धरून ठेव, नाहीतर पंखा जनरेटरसारखा उलटी वीज देतो.

ठोकपीठ
५६ नं होतंय काय पण? गूगलच्या २००७ च्या पेपरात लाखाहून जास्त डिस्क तपासल्या होत्या, तापमान आणि बिघाडाचा मेळ फारसा बसला नाही.

साडेतीन_इंची
अर्धाच वाचलास. अगदी जास्त तापमानाला आणि तीन वर्षांवरच्या डिस्कना बिघाड वाढलेला त्याच पेपरात आहे. बऱ्याच डिस्कची मर्यादा ६०. खोली ३५ असताना ५६ म्हणजे २१ अंश वर, एप्रिलात खोली ३९ झाली की गेलीच मर्यादेवर.

फोकस_उद्यमनगर
दार उघडलं, पंखा फिरवला, एक डिस्क खालच्या मोकळ्या खाचेत टाकली. दहा मिनिटांत ४८.

साडेतीन_इंची
दहा मिनिटांवर जाऊ नको, अर्धा तास कॉपी चालू दे मग बघ. ४५ च्या आत आलं की झालं. आणि क्रिस्टलडिस्कइन्फोच्या यादीत सी७ किती आहे?

फोकस_उद्यमनगर
सगळे शून्य, शेवटी ई. हा एरर आहे का?

लाल_पिवळी_वायर
हेक्समध्ये दाखवतंय. ई म्हणजे १४.

साडेतीन_इंची
सी७ ला गरमीशी देणंघेणं नाही, तो केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुकांचा आकडा. डिस्क हलवलीस ना, त्या डिस्कची साटा केबल बदल. आकडा कमी होत नसतो, उद्या १४ चे १५ होतात का तेवढं बघ.

कोरडी_पेस्ट
पेस्टचं काय झालं?