मदत हवी आहे : कपाळावर नागीण उठली आहे, आग कशाने थांबेल?

शेवंती (सोमवार, रात्री ९.४०)
माझ्या कपाळाच्या डाव्या बाजूला नागीण उठली आहे. आग इतकी होते की पंख्याचा वारा केसांवरून गेला तरी तापलेली सळई फिरवल्यासारखे वाटते. डाव्या कुशीवर झोपता येत नाही, केसांत फणी घालता येत नाही आणि काल रात्री दोन वाजता उठून मी नुसती ओट्याशी उभी राहिले होते. गोळ्या चालू आहेत, तरी फरक नाही. ज्यांना चेहऱ्यावर नागीण झाली होती त्यांनी आग थांबवण्याचा खात्रीचा उपाय लगेच सांगावा. कृपया ‘डॉक्टरांना दाखवा’ एवढेच लिहू नये. ते करून झाले आहे.

रानवाटा (सोमवार, रात्री १०.०५)
ताई, गेरू उगाळून दूर्वांच्या रसात कालवा आणि दिवसातून तीन वेळा लेप द्या. लेप वाळला की तांदळाच्या धुवणाने अलगद पुसून घ्या. माझ्या वडिलांना पाठीपासून पोटापर्यंत नागीण आली होती, तेव्हा आजीने हाच उपाय केला आणि पंधरा-वीस दिवसांत खपल्या गळून कातडी स्वच्छ झाली. तिखट, आंबट, वांगे आणि शेंगदाणे पूर्ण बंद ठेवावेत.

माणदेशी (सोमवार, रात्री १०.२०)
आपल्याला घाबरवण्याचा हेतू नाही, पण आमच्याकडे जुनी माणसे सांगतात की नागिणीचे तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळू देऊ नये. फोड उजवीकडे सरकत नाहीत ना, एवढे रोज आरशात पाहत जा. आमच्या गावात नागीण उतरवणारे एक गृहस्थ आहेत. ते पैसे घेत नाहीत. हवे असल्यास मी त्यांना विचारून ठेवतो.

त्वचावैद्यक (सोमवार, रात्री ११.१०)
मी त्वचारोगांवर उपचार करतो. आपल्याला न तपासता मी औषध सांगणार नाही, परंतु पुढील गोष्टी कळल्याशिवाय कोणीही दिलेला सल्ला उपयोगाचा नाही. पहिला फोड कोणत्या दिवशी दिसला? डावा डोळा लाल आहे का, त्यातून पाणी येते का, उजेड सहन होतो का? नाकाच्या शेंड्यावर किंवा नाकाच्या डाव्या कडेला एखादा फोड आहे का? आपले वय काय, मधुमेह आहे का, आणि ‘गोळ्या चालू आहेत’ म्हणजे नेमक्या कोणत्या व दिवसातून किती वेळा?

शेवंती (मंगळवार, सकाळी ६.१५)
मी आगीचे विचारले आहे आणि उत्तरात सगळे मलाच प्रश्न विचारत आहेत. असो. वय ५२. फोड गुरुवारी दिसले, त्याआधी दोन दिवस कपाळ ठणकत होते, तेव्हा मला अर्धशिशी वाटली. साखर आहे, पण गोळीने ताब्यात असते. पापणी सुजली आहे, त्यामुळे डोळा थोडा लाल असणारच. रानवाटा यांनी सांगितलेला गेरू सासूबाई शुक्रवारपासूनच लावत आहेत. लेप वाळला की कातडी ओढली जाते आणि आग उलट वाढते, म्हणून तर येथे लिहिले.

औषधदुकान (मंगळवार, सकाळी ८.३०)
ताई, गोळीचे नाव अजूनही आले नाही. पाकिटाच्या मागे पाहून नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा लिहाल का? मी २२ वर्षे औषधांच्या दुकानात उभा आहे आणि गोळीची मात्रा चुकण्याचा घोटाळा मी अनेकदा पाहिला आहे, म्हणून विचारतो.

शेवंती (मंगळवार, सकाळी ८.५०)
अ‍ॅसायक्लोव्हिर ४००. सकाळी एक आणि रात्री एक. ही गोळी गावातल्या दुकानातून आणली, कारण आमचे डॉक्टर शनिवारी गावाला गेले होते. त्यांनी फोनवर ‘नागिणीची गोळी सुरू करा’ एवढेच सांगितले. शेजारच्या आजींच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचे डोळ्याचे थेंब उरले होते, तेही कालपासून घालते आहे, त्याने लाली थोडी कमी वाटते.

औषधदुकान (मंगळवार, सकाळी ९.०५)
मोठ्या माणसाला नागिणीसाठी या औषधाची नेहमीची मात्रा ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात ते दहा दिवस अशी असते. आपण दिवसाला ८०० घेत आहात, तेथे ४००० लागतात. तरीही स्वतःहून वाढवू नका. आपल्याला मधुमेह आहे, आणि मूत्रपिंड मंदावले असेल तर हीच मात्रा कमी करावी लागते. आजच डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि गोळ्या चालू असेपर्यंत पाणी भरपूर प्या.

त्वचावैद्यक (मंगळवार, सकाळी ९.४०)
ते थेंब कृपया या क्षणी थांबवा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दिल्या जाणाऱ्या थेंबांत बहुधा स्टेरॉइड असते. त्याने लाली ओसरते, दुखणे मात्र आत चालूच राहते आणि डोळा बरा होतो आहे असा खोटा दिलासा मिळतो. बुबुळावर विषाणूमुळे झालेली इजा असेल तर असे थेंब नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीविना घालणे धोक्याचे आहे. शिवाय उघडलेली बाटली महिनाभरानंतर वापरायची नसते.
कपाळ, वरची पापणी आणि नाकाचा शेंडा या सर्वांना ट्रायजेमिनल नावाच्या एकाच मज्जातंतूची वरची शाखा पुरवठा करते आणि तीच शाखा डोळ्यातही जाते. म्हणून कपाळावरची नागीण पाठीवरच्या नागिणीसारखी धरता येत नाही. १९व्या शतकातील इंग्रज शल्यचिकित्सक जोनाथन हचिन्सन यांनी नाकाच्या शेंड्यावरचा फोड आणि डोळ्याचे दुखणे यांचा संबंध दाखवला होता, आजही आम्ही ती खूण पाहतो. नाकाचे उत्तर आपण दिलेले नाही.

शेवंती (मंगळवार, सकाळी १०.००)
नाकाच्या शेंड्याशी डावीकडे दोन बारीक फोड आहेत. मी त्यांना उन्हाळ्यातल्या पुटकुळ्या समजत होते.

त्वचावैद्यक (मंगळवार, सकाळी १०.०५)
मग हा धागा वाचत बसू नका. आजच्या आज नेत्रतज्ज्ञाकडे जा, आणि डोळ्याची तपासणी दिव्याच्या यंत्रावर करतात अशाच ठिकाणी जा. औषध पहिल्या ७२ तासांत सुरू होणे सर्वांत चांगले, परंतु डोळ्याशी संबंध असेल किंवा नवे फोड येत असतील तर उशीर झाला म्हणून सोडून देत नाहीत. गेरू पूर्ण धुऊन जा, नाहीतर तपासणाऱ्याला खालची कातडी दिसणार नाही.

रानवाटा (मंगळवार, सकाळी ११.३०)
गेरूला उगाचच दोष दिला जात आहे. आमच्या घरी तीन पिढ्यांना त्याचा गुण आला आहे. आयुर्वेदात विसर्पाचे वर्णन आहे, त्यावर लेप सांगितले आहेत, आणि आपल्या पूर्वजांकडे अ‍ॅसायक्लोव्हिर नव्हते तरी माणसे बरी होतच होती ना?

इंदूरकर (मंगळवार, दुपारी १२.१५)
रानवाटा, आपल्या वडिलांच्या कातडीला वीस दिवस लागले हे आपणच लिहिले आहे. काहीही न लावता नागिणीचे फोड दोन ते चार आठवड्यांत बरे होतात. त्यामुळे गेरू, मंत्र, होमिओपॅथीची साखरगोळी, ज्याने जे केले त्याला त्याचे यश मिळते. कातडी बरी होणे हा या आजारातला सोपा भाग आहे. माझ्या आईलाही गेरूनेच ‘गुण’ आला होता. खपल्या गेल्या, पेढे वाटले, आणि त्यानंतर दीड वर्ष तिला कपाळावर पदर घेता आला नाही, कारण सुती कापडाचा स्पर्शही तिला सहन होत नसे. तिच्या डाव्या डोळ्याच्या बुबुळावर एक धुरकट ठिपका राहिला आहे. मी तेव्हा इंदूरमध्येच होतो, रोज तिच्याशी फोनवर बोलत होतो, आणि डोळा लाल आहे का, हे मी एकदाही विचारले नाही.

रानवाटा (मंगळवार, दुपारी १२.४०)
आपल्या आईंबद्दल वाचून वाईट वाटले. माझ्या वडिलांची नागीण पोटावर होती, डोळ्याजवळ नव्हती, हा फरक मी लक्षात घ्यायला हवा होता. तरी पथ्य पाळायला हरकत नसावी.

त्वचावैद्यक (मंगळवार, दुपारी २.००)
वांगे आणि शेंगदाणे यांचा या विषाणूशी संबंध नाही. रुग्णाला आधीच जेवण जात नाही. मधुमेह असताना पोट रिकामे ठेवून गोळ्या घेणे अधिक वाईट.
माणदेशी यांच्या विळख्याबद्दलही लिहितो, कारण ही भीती लोकांना रात्रभर जागवते. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू शरीरातून जात नाही, मज्जातंतूच्या मुळाशी निपचित पडून राहतो आणि वय, आजार किंवा प्रतिकारशक्तीची घट झाली की त्या एकाच तंतूच्या वाटेने बाहेर येतो. तंतू डावा असेल तर फोड मध्यरेषेपाशी थांबतात. शेवंतीताईंनी आरशात पाहिले तर कुंकवाच्या जागेपासून उजवीकडे कपाळ कोरे दिसेल, जणू कोणी रेघ मारली आहे. तोंड-शेपूट मिळत नाहीत ते यामुळे. फोड शरीराच्या दोन्ही बाजूंना, दूरदूर उठू लागले तर मात्र प्रतिकारशक्ती फारच खालावली आहे का हे तातडीने पाहावे लागते, आणि तेही रुग्णालयात.

माणदेशी (मंगळवार, दुपारी २.३०)
हे मला कोणी असे समजावून सांगितले नव्हते. आमच्या चुलत्यांनी या भीतीने आठवडाभर अन्न सोडले होते. एक विचारतो : ताईंच्या घरात लहान बाळ किंवा गरोदर बाई आहे का? नागीण लागते असे म्हणतात, ते तरी खरे आहे का?

लीड्सकर (मंगळवार, दुपारी ३.१०)
येथे इंग्लंडमध्ये नागिणीची लस सरकारी आरोग्यसेवेतून मोफत मिळते. सप्टेंबर २०२३ पासून ६५ वर्षे पूर्ण होणाऱ्यांना शिंग्रिक्स ही लस देतात आणि ७० ते ७९ वयाच्या लोकांनाही ती मिळते. तिचे दोन डोस असतात. भारतातही ती २०२३ मध्ये आली, पन्नाशीपुढच्या लोकांसाठी आहे, पण खिशाला जड आहे. सर्वांनी विचार करावा.

इंदूरकर (मंगळवार, दुपारी ३.२५)
ज्यांच्या कपाळाला आग लागली आहे त्यांना आज लसीचा काय उपयोग? धागा भरकटवू नये, अशी विनंती आहे.

शेवंती (मंगळवार, रात्री ८.३०)
पाटणहून दुपारच्या एसटीने कराडला जाऊन आले. नेत्रतज्ज्ञ बाईंनी डोळ्यात पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात पाहिले आणि बुबुळावर फांदीसारख्या बारीक रेघा उठल्याचे सांगितले. नजर आज तरी शाबूत आहे. आजींची बाटली मी सोबत नेली होती, त्यात स्टेरॉइडच निघाले. गोळ्यांची मात्रा रक्ततपासणी पाहून वाढवली आहे, डोळ्यात घालण्याचे मलम दिले आहे आणि तीन दिवसांनी पुन्हा बोलावले आहे. साखर २८६ निघाली. ती ताब्यात असते असे मी सकाळी लिहिले होते, पण तीन महिने तपासलीच नव्हती.
माणदेशी यांनी विचारले ते मी लिहायला विसरले. माझी मुलगी सहा महिन्यांची गरोदर आहे आणि रविवारी डोहाळेजेवणासाठी येणार आहे.

त्वचावैद्यक (मंगळवार, रात्री ९.१५)
आज गेलात हे फार चांगले केलेत. नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही. मात्र ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही घेतलेली नाही, त्याला फोडांतील पाण्याच्या संपर्काने कांजिण्या होऊ शकतात, आणि गरोदरपणात त्या गंभीर ठरू शकतात. मुलीला लहानपणी कांजिण्या झाल्या असतील तर काळजीचे कारण सहसा नसते, तरी तिने तिच्या डॉक्टरांना फोन करावा. काहीच आठवत नसेल तर रक्ततपासणीने कळते. सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत आपला टॉवेल, उशीचा अभ्रा आणि फणी वेगळी ठेवा आणि फोडांना हात लागला की साबणाने धुवा.
आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. स्वच्छ मऊ सुती कापड गार पाण्यात पिळून दहा-पंधरा मिनिटे कपाळावर ठेवावे. बर्फ थेट लावू नये. कॅलामाइन लावायचे तर डोळ्यापासून दूर, आणि कोणतेही स्टेरॉइडचे मलम दुकानातून आणून लावू नये. पॅरासिटामॉलने भागत नसेल तर आगीसाठी गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिनसारखी मज्जातंतूंवरची औषधे असतात. त्यांनी झोप आणि गरगर येते, म्हणून ती हळूहळू वाढवतात. पुढच्या भेटीत हे स्पष्ट विचारा.

शेवंती (मंगळवार, रात्री ९.३०)
शाळेत पहिलीत असताना तिला कांजिण्या झाल्या होत्या, कडुनिंबाचा पाला मीच तिच्या अंथरुणात घातला होता. तरी डोहाळेजेवण दोन आठवडे पुढे ढकलले आहे.

शेवंती (५ आठवड्यांनंतर)
ज्यांनी विचारपूस केली त्यांच्यासाठी लिहिते. बुबुळावरच्या रेघा गेल्या, नजर पहिल्यासारखी आहे, तपासणीला महिन्यातून एकदा जावे लागते. खपल्या पडल्या, भुवईच्या वर दोन खड्डे राहिले आहेत. मात्र आग पूर्ण गेलेली नाही. दिवसा कामात असताना विसरायला होते, संध्याकाळी भाकरी थापताना चुलीची धग लागली की डावी भुवई चरचरते. गॅबापेंटिनने रात्री पाच तास झोप लागते. ही आग किती दिवस राहील?

त्वचावैद्यक (त्याच दिवशी, रात्री)
पाच आठवड्यांनी आग उरणे अनेकांच्या बाबतीत घडते आणि बहुतेकांची ती हळूहळू कमी होत जाते. तीन महिन्यांपुढे टिकली तर तिला आम्ही नागिणीनंतरची मज्जावेदना म्हणतो आणि त्यासाठी अमिट्रिप्टिलिनसारखी दुसरी औषधेही आहेत. गॅबापेंटिन एकदम बंद करू नका. डोळा पुन्हा लाल झाला किंवा धूसर दिसले, तर पुढच्या महिन्याच्या तारखेची वाट पाहू नका, कारण डोळ्याची ही दुखणी खपल्या पडल्यानंतरही उलटतात.

शेवंती (दुसऱ्या दिवशी)
नक्की. लीड्सकर, आपण तेव्हा लसीचे लिहिले होते आणि त्या दिवशी मला ते वाचायचेही नव्हते. माझे यजमान ५८ वर्षांचे आहेत, त्यांना नागीण झालेली नाही. दोन डोसांमध्ये किती अंतर लागते, आणि मला आता घेता येईल का?

लीड्सकर (दुसऱ्या दिवशी)
दोन डोसांमध्ये दोन ते सहा महिन्यांचे अंतर ठेवतात. दंड एक-दोन दिवस दुखतो, अंगात कसकस येते, म्हणून मी शुक्रवारी संध्याकाळी घेतली होती. आपण मात्र आजार पूर्ण उतरल्यावर, डोळ्याच्या डॉक्टरांना विचारून वेळ ठरवावी.