मदत हवी आहे: ईएसपी३२ वापरून घरबसल्या करता येणारी प्रात्यक्षिकं – नेटवर्क आणि हीटरची सुरक्षितता

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते. आमच्या बीएस्सीच्या वर्गात ऊसतोड कामगारांची मुलं आहेत. दिवाळीच्या आसपास घरची माणसं कारखान्यावर गेली की यातली काही मुलंही मागोमाग जातात, ती मार्च-एप्रिललाच परततात. नोट्स आणि लेक्चरचं रेकॉर्डिंग मोबाईलवर पाठवून भागतं. प्रात्यक्षिकं मात्र बुडतात ती बुडतातच.

शिक्षण मंत्रालयाच्या व्हर्च्युअल लॅब्ज आम्ही वापरतो, तयारीसाठी त्या चांगल्याच आहेत. पण सिम्युलेशनमध्ये पाणी सूत्रानुसारच गार होतं. पंखा लावला, कोणी खिडकी उघडली की आलेख कसा भलतीकडे जातो हे मुलांना दिसायला हवं, त्याशिवाय त्रुटीचं गणित डोक्यात बसत नाही. म्हणून खरं उपकरण प्रयोगशाळेत ठेवून ते मुलांना मोबाईलवरून चालवता यावं अशी जोडणी करते आहे. सुरुवात न्यूटन्स लॉ ऑफ कूलिंगपासून, म्हणजे गरम वस्तू कशी गार होत जाते त्या नियमापासून.

स्टीलच्या भांड्यात पाणी, त्यात तापमान मोजणारा डीएस१८बी२०चा वॉटरप्रूफ सेन्सर, रिलेवर (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) छोटा हीटर, आणि हे सगळं ईएसपी३२ या वायफायवाल्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला जोडलेलं. बोर्ड दर काही सेकंदांनी तापमान एमक्यूटीटी या छोटे संदेश पाठवायच्या पद्धतीने रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरच्या मॉस्किटो ब्रोकरकडे (संदेश घेऊन पुढे पोचवणारा प्रोग्राम) पाठवतो. एक वाचन म्हणजे मोजके बाइट, त्यामुळे फडावरच्या अडखळत्या रेंजवरही ते पोचावं. व्हिडिओ मुद्दामच ठेवलेला नाही.

आता अडचणी. कॉलेजचं वायफाय ब्राउझरमध्ये पान उघडून लॉगिन मागतं, ते या बोर्डाला कुठून जमणार? शिवाय तो फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. नेटवर्क सांभाळणारे सर बोर्डाचा मॅक अॅड्रेस (उपकरणाचा ओळख क्रमांक) नोंदवून वेगळं व्हीलॅन (नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा) द्यायला तयार आहेत, पण बाहेरून आत येणारा पोर्ट उघडणार नाहीत, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. मग ब्रोकर बाहेर भाड्याच्या सर्व्हरवर ठेवून बोर्डाने टीएलएसने (सुरक्षित, कूटबद्ध जोडणी) पोर्ट ८८८३ वर जोडावं, की ब्रोकर आतच ठेवून त्या सर्व्हरपर्यंत वायरगार्ड व्हीपीएन टाकावं? ज्यांनी हे वर्षभर तरी चालवलं आहे त्यांनी सांगावं, देखभालीला कमी त्रास कशात होतो.

सगळ्यात जास्त काळजी हीटरची आहे. आमच्याकडे लाईट वरचेवर जाते. चाचणी घेताना दिसलं की 'हीटर चालू' हा संदेश रिटेन्ड म्हणून पाठवला तर ब्रोकर तो जपून ठेवतो. लाईट परत आली, बोर्ड पुन्हा जोडला गेला, की तोच आदेश त्याला पुन्हा मिळतो. म्हणजे रात्री कुलूपबंद प्रयोगशाळेत हीटर आपोआप सुरू! आता रिटेन फ्लॅग काढला आहे, प्रत्येक आदेशाला मुदत घातली आहे, आणि ६० अंशांवर किंवा संपर्क तुटताच बोर्ड स्वतः रिले बंद करतो. पण रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले तर प्रोग्राम काय करणार? म्हणून हीटरच्या लाइनमध्ये सिरीजला थर्मल फ्यूज (ठरावीक तापमानाला तुटून वीज बंद करणारा) घालायचा आहे. तो किती अंशांचा घ्यावा? भांड्यातलं पाणी आटलं तरी वेळेत तुटेल असा कुठे बसवावा? इलेक्ट्रिकलवाल्यांनी कृपया यावर सविस्तर लिहा, इथे अंदाजाने काही करायचं नाही.

एका वेळी एकच विद्यार्थी हीटर चालवेल, बाकीचे आलेख बघतील. वेळ आरक्षित करायला मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीचं शेड्युलर प्लगइन कोणी वापरलंय का? लॉगिन फक्त पीआरएनवर (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) ठेवणार आहे.

महागडे स्मार्ट बोर्ड घेण्याचा सल्ला कृपया नको, फडावरच्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही. टोळ्या निघायच्या आत हे सुरू करायचं आहे. कोणाकडे चाललेली जोडणी असेल तर सर्किटचा फोटो किंवा हाताने काढलेली आकृतीसुद्धा इथेच टाका.