ब्रिंदिसी, सालूते, चिन चिन: पेला उंचावतानाचे शब्द

शंका: इटालियनमध्ये टोस्टला, म्हणजे पेला उंचावून दिलेल्या शुभेच्छेला, 'ब्रिंदिसी' म्हणतात. इटलीतल्या त्याच नावाच्या बंदराशी याचा काही संबंध? आणि पेले भिडवताना नेमकं म्हणायचं काय?

संबंध नाही, नुसता नावसारखेपणा. बंदराचं जुनं लॅटिन नाव ब्रुंडिसियम. पेल्यावरचा ब्रिंदिसी मूळचा जर्मन: 'इश ब्रिंग दिर्स', म्हणजे 'हा घे, तुझ्या नावाने'. 16व्या शतकात तो स्पॅनिशमध्ये 'ब्रिंदिस' झाला आणि तिथून इटालियनमध्ये गेला. 1527च्या रोमच्या लुटीत सैनिकांनी तो रुजवला ही कथा रंगतदार आहे, पण पुरावा म्हणून धरू नये.

भाषांतर करणाऱ्यांची गफलत होते ती स्पॅनिश 'ब्रिंदार'पाशी. त्याचा 'देऊ करणे' असाही अर्थ आहे. 'ब्रिंदार आयुदा' म्हणजे मदत देऊ करणे. तिथे पेला शोधू नका! पोर्तुगीज 'ब्रिंद' तर खरेदीवर फुकट मिळणारी भेटवस्तूसुद्धा असते.

आता दुसरा भाग. ब्रिंदिसी हे त्या क्रियेचं नाव. पेले भिडवताना सहसा 'सालूते' किंवा 'चिन चिन' म्हणतात. लॅटिन 'सालूस', द्वितीयेत 'सालूतेम', म्हणजे आरोग्य, क्षेम. आपला 'सर्व' (अखंड, सगळा) याच मुळाचा भाऊबंद. स्पॅनिशमध्ये 'त'चा 'द' झाला आणि शेवटचा स्वर गळाला: सालूद. पोर्तुगीजने दोन स्वरांमधला 'ल'ही गिळला: साऊद. लूनाचं 'लूआ' (चंद्र) होताना 'न' असाच गळाला. हे तिन्ही शब्द कुणी शिंकलं तरी चालतात.

फ्रेंचमध्ये जपून. 'साल्यू' तिथे रोजच्या बोलण्यात 'काय रे, कसा आहेस' इतपतच उरलाय, त्यामुळे आरोग्यासाठी 'सांते' (लॅटिन सानितातेम). उत्तरादाखल 'आ ला तिएन' किंवा आदरार्थी 'आ ला वोत्र'. त्यातला 'ला' स्त्रीलिंगी आहे, कारण अध्याहृत 'सांते' स्त्रीलिंगी.

'चिन चिन' काचेच्या किणकिणाटावरून आला असं वाटतं. मूळ मात्र चिनी 'छिंग छिंग', म्हणजे 'या, घ्या'. चिनी बंदरांतल्या खलाशांच्या मिश्र इंग्रजीतून तो युरोपात आला. जपानी पाहुणे असतील तर टाळाच: त्यांच्याकडे तो लहान मुलांच्या बोलीत पुरुषाच्या लिंगाला म्हणतात.

रुमानियनांचा रोजचा शब्द 'नोरोक', म्हणजे नशीब. तो लॅटिन नाही, स्लाव्ह आहे.