चायनीजला गेल्यावर बीपी आणि शुगरवाल्यांनी काय मागवायचं?

फोंड्याची_सई
नमस्कार मंडळी. रविवारी फोंड्याहून पणजीला फिरायला जायचं आणि येताना चायनीज खाऊन यायचं हे आमच्याकडे मुलांमुळे ठरूनच गेलंय. आता ह्यांना बीपीची गोळी सुरू झालीय, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, आणि सासूबाईंना शुगर. घरी मी सांभाळते, सोलकढीतसुद्धा मीठ बघून घालते, पण हॉटेलात ट्रिपल शेजवान, चिली चिकन सगळं एकदम टेबलावर येतं आणि दोघंही आजच्या दिवस म्हणून खातात. त्यांना घरी ठेवून आपण जायचं हे मला अजिबात पटत नाही. मी वेटरला अजिनोमोटो नको म्हणून सांगते, तेवढं पुरतं का?

वोकवाला_कळंगुट
ताई मी कळंगुटला चायनीज सेक्शनलाच कामाला आहे म्हणून सांगतो, तेवढ्याने नाही भागत. अजिनोमोटोत सोडियम असतं पण वजनाला वजन घेतलं तर मिठाच्या साधारण एक तृतीयांश. खरं मीठ येतं ते सॉसमधून. सोया सॉसच्या एका टेबलस्पूनमध्ये ९०० मिलीग्रॅमच्या आसपास सोडियम असतं आणि डब्ल्यूएचओ सांगते की मोठ्या माणसाने अख्ख्या दिवसात २००० च्या खाली राहायचं, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. आम्ही काय करतो, पळी तेलात बुडवायची, मग त्याच पळीने मीठ, अजिनोमोटो, पांढरी मिरी, सोया, चिली सॉस असं भराभर वोकमध्ये, कोण मोजत बसत नाही. आणि चिकनचे पीस सकाळीच मीठ सोया अंडं कॉर्नफ्लॉवर लावून ठेवलेले असतात, त्यामुळे चिली चिकनला तुम्ही ‘मीठ कमी’ सांगितलं तरी आतलं मीठ आम्ही कसं काढणार? म्हणून जे समोर ताजं बनतं ते मागवा. भाज्या लसूण घालून परतून, सॉस न घालता, हे कुठेही करून देतात. मासा असेल तर आलं घालून वाफवून मागा आणि सोया वेगळ्या वाटीत. गोव्यात चांगलं नुस्तं (मासे) मिळत असताना त्याला कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवून तळायचं म्हणजे मला स्वतःलाच वाईट वाटतं. फक्त हे सगळं ऑर्डर देतानाच सांगायचं, एकदा सॉस पडला की काही करता येत नाही.

मडगावचे_काका
मला स्वतःला शुगर आहे, तर सासूबाईंसाठी लिहितो. गोड लागणारं ते वाईट एवढंच आपण धरून चालतो, पण स्वीट कॉर्न सूप काय, मंचाव काय, दाटपणा कॉर्नफ्लॉवरचाच, ग्रेव्हीत परत तेच, आणि त्यावर फ्राइड राइस आणि नूडल्स दोन्ही, म्हणजे पिठावर पीठ. मी क्लिअर सूप घेतो, मंचाववर ते तळलेले नूडल्स येतात ते नको सांगतो, मग परतलेल्या भाज्या आणि अंडं किंवा कोळंबी आधी खाऊन घेतो आणि भात शेवटी थोडासा, तोही साधा स्टीम राइस, मीठ तेल न घातलेला. हनी चिली, स्वीट अँड सावर असल्या नावाच्या डिशेस सोडूनच द्या, त्यात साखर असतेच. क्लिअर सूपमध्येसुद्धा मीठ बरंच असतं हां, तुमच्या मिस्टरांनी अर्धा बाऊलच घ्यावा. आणि शुगरची गोळी घेऊन न जेवता बसून राहायचं नाही, हॉटेलात जेवण यायला उशीर होतो, सासूबाईंना घरून काहीतरी थोडं खाऊन निघायला सांगा.

अस्नोड्याची_पोर
गोबी मंच्युरियनबद्दल कोणीच कसं बोललं नाही? २०२२ मध्ये वास्कोच्या दामोदर सप्ताहात एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) त्याच्या स्टॉल्सवर निर्बंध घालायला सांगितलेले आणि २०२४ ला म्हापसा पालिकेने बंदीच घातली, कारण सिंथेटिक रंग आणि अस्वच्छता. तो लालभडक रंग मिरचीचा नसतो. पोरांना द्यायचंच असेल तर आधी रंग घालता का ते सरळ विचारा, मी विचारते, लाज कसली. आणि तळणीचं तेल काळं दिसलं तर उठून या.

फोंड्याची_सई
खूप खूप आभार सगळ्यांचे. सॉसचं मला खरंच माहीत नव्हतं. पण मुलांना हक्का नूडल्स हवेच, ते काय करू? आणि एवढं सगळं सांगितलं तर वेटर वैतागणार नाही का?

वोकवाला_कळंगुट
नूडल्स द्या की ताई, एक प्लेट मागवा, भाज्या डबल आणि सोया अर्धा सांगा, अंडं घाला, सगळ्यांना थोडं थोडं येतं. फक्त त्यासोबत फ्राइड राइस नको. वेटर वैतागतो तो गर्दीत, रविवारी साडेआठनंतर आमच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो. साडेसातला जाऊन बसा आणि ‘घरात बीपीचं माणूस आहे’ असं स्पष्ट सांगा, म्हणजे वेटर आत येऊन आम्हाला वेगळं बोलतो, नुसतं कागदावर ‘लेस सॉल्ट’ लिहिलेलं घाईत वाचलं जात नाही.